स्पोर्ट्‌स मोटारगाडी, अभिजात : हिवाळ्यातील निगा व चालन
स्पोर्ट्‌स मोटारगाडी, अभिजात : दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सुमारे तीन दशकांत बनविण्यात आलेल्या, बहुधा दोन आसनांच्या, हलक्या व मागील चाकांनी चालणाऱ्या मोटारगाड्यांना ही संज्ञा सामान्यतः लावतात. ब्रिटनमध्ये अशा गाड्या अजूनही मोठ्या संख्येने चालू स्थितीत आहेत. तेथील हिवाळा फारसा कडक नसतो. मात्र तापमान गोठणबिंदूच्या वर-खाली होत राहते, हवा सतत दमट असते आणि रस्त्यांवर मीठ पसरलेले असते. पोलादी पत्र्याच्या दृष्टीने कोरड्या, कडाक्याच्या थंडीपेक्षा असे हवामान अधिक घातक ठरते. प्रस्तुत नोंदीत या प्रकारातील सर्वपरिचित अशा एमजीबी या गाडीच्या अनुषंगाने विवेचन केले आहे.

एमजीबीचे उत्पादन इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात झाले. बंद छताच्या जीटी प्रकारासह पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. तिच्या आधीच्या एमजीए या गाडीला स्वतंत्र सांगाडा होता. एमजीबीत तो नाही. पत्र्याचे कवच हाच तिचा सांगाडा होय. उघड्या प्रकारात छताचा आधार नसल्यामुळे कवचाचा ताठरपणा मुख्यत्वे दारांखालील पोकळ तुळया (सिल) व मधला बोगदा यांवर अवलंबून असतो. या तुळया अनेक पत्रे एकमेकांना जोडून केलेल्या असून त्या आतून गंजतात. बाहेरचा रंग शाबूत दिसत असतानाही आतील पत्रा चाळणीसारखा झालेला असू शकतो. गाडी एका बाजूने उचलली असता दार अडकू लागले किंवा दाराभोवतीची फट वर अरुंद व खाली रुंद दिसू लागली, तर कवच मध्यभागी वाकत आहे असे समजावे. अशी गाडी रस्त्यावर आणणे धोक्याचे असते. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या व मूलतः न बदललेल्या गाड्यांना वार्षिक सक्तीच्या तपासणीतून सूट मिळालेली आहे. त्यामुळे हा दोष शोधण्याची जबाबदारी आता सर्वस्वी मालकावर आली आहे. सूट असली, तरी स्वेच्छेने तपासणी करून घेणे शहाणपणाचे होय.

मिठाचा परिणाम : मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो. सुमारे २३ टक्के मीठ असलेला द्राव –२१° से. पर्यंत गोठत नाही. रस्त्यावर मात्र –८° ते –१०° से.च्या खाली मिठाची क्रिया फार मंदावते. गंजण्याची क्रिया विद्युत् रासायनिक स्वरूपाची असून खारे पाणी विजेचे चांगले संवाहक असल्याने ती वेगाने होते. शिवाय क्लोराइड आयन धातूवरील संरक्षक थर भेदतात. मीठ हवेतील ओलावाही शोषून घेते. सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की, कोरडे दिसणारे मीठ पुन्हा पाझरू लागते. म्हणूनच खाऱ्या चिखलाने माखलेली गाडी उबदार, पण हवा न खेळणाऱ्या गॅरेजमध्ये ठेवली, तर ती थंड उघड्या पडवीतील गाडीपेक्षा लवकर गंजते. कारण तापमान वाढल्यास रासायनिक क्रियेचा वेगही वाढतो. गाडीला ऊब नव्हे, तर कोरडेपणा व वारा हवा असतो. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात गाड्यांचे पत्रे लवकर गंजतात, त्यामागेही खारी हवा व आर्द्रता हीच कारणे आहेत.

थंडी सुरू होण्यापूर्वी गाडीचा तळ धुऊन, पूर्ण वाळवून पोकळ भागांत मेणयुक्त द्रव फवारतात. तुळयांच्या तळाशी असलेली पाणी निचरण्याची छिद्रे या मेणाने किंवा चिखलाने बुजणार नाहीत, हे पाहावे लागते. एमजीबीत पुढील चाकांच्या कमानींच्या वर व मागे चिखल साचण्याच्या जागा आहेत. त्या हात घालून साफ कराव्या लागतात, नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने तेथील चिखल निघत नाही. पूर्वी तळाला डांबरासारखा जाड लेप देण्याची रीत होती. असा लेप काही वर्षांनी तडकतो आणि मग त्याच्या आड पाणी साचून पत्रा नकळत खाल्ला जातो. त्यामुळे भेगाळलेला लेप असण्यापेक्षा तो नसलेला बरा. खाऱ्या रस्त्यावरून आल्यावर तळ गोड्या, थंड पाण्याने धुणे हा सर्वांत स्वस्त व सर्वांत परिणामकारक उपाय होय.

एंजिन : पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते व त्या दाबाने एंजिनाचे ओतीव ठोकळे तडकतात. एथिलीन ग्लायकॉल व पाणी यांचे समभाग मिश्रण सुमारे –३७° से. पर्यंत गोठत नाही. त्यातील गंजरोधक द्रव्ये मात्र कालांतराने निष्प्रभ होतात. म्हणून न गोठणारे मिश्रणही ठराविक मुदतीने बदलावे लागते.

उभ्या गाडीचे एंजिन दर आठवड्यास पाच-दहा मिनिटे चालवून बंद करण्याची सवय पुष्कळांना असते. ती हितकारक नाही. एक लिटर पेट्रोल जळाले असता सुमारे तितकेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. एंजिन व निष्कासनळी पुरती तापलेली नसल्यास ही वाफ आतच निवते. तेलात पाणी व आम्ले मिसळतात आणि निष्कासनळी आतून गंजते. थंड एंजिनाला चोकद्वारे मिळणारे पेट्रोल-समृद्ध मिश्रण सिलिंडरच्या भिंतींवरील तेलाचा थरही धुऊन टाकते. तेव्हा एंजिन सुरू करावयाचे, तर गाडी निदान २५-३० किमी. चालवावी, अन्यथा ते सुरूच करू नये. वापरलेल्या तेलातील आम्ले बेअरिंगांना अपाय करीत असल्याने तेल वसंतात नव्हे, तर गाडी उभी करण्यापूर्वी बदलावे.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून सर्वसाधारण पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत एथेनॉल असते. ते ओलावा शोषते व जुन्या रबरी नळ्यांना मऊ करते किंवा भेगा पाडते. जुन्या गाडीसाठी ५ टक्क्यांपर्यंतच एथेनॉल असलेले उच्च प्रतीचे पेट्रोल वापरावे व नळ्या एथेनॉलरोधक बसवाव्यात. पेट्रोल गळतीने आग लागण्याचा संभव असल्याने येथे काटकसर करू नये.

विद्युत् घटमाला : शिसे-आम्ल घटमालेची क्षमता थंडीत घटते, तर घट्ट झालेल्या तेलामुळे एंजिन फिरविण्यास अधिक शक्ती लागते. पूर्ण भारित घटमाला ब्रिटनमधील थंडीत गोठत नाही. उतरलेली मात्र शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठून फुटू शकते. सुरुवातीच्या एमजीबीत सहा व्होल्टच्या दोन घटमाला आसनांच्या मागे, तळपत्र्याखाली असत. ही जागा गैरसोयीची असल्याने त्यांकडे दुर्लक्ष होते. १९६७ पूर्वीच्या गाड्यांत घटमालेचे धन टोक कवचाला जोडलेले असते. दुसऱ्या गाडीच्या घटमालेवरून एंजिन सुरू करताना हे ध्यानात न घेतल्यास उपकरणे जळतात.

दीर्घकाळ उभ्या गाडीचा हातब्रेक लावून ठेवू नये, अस्तरे पिंपांना चिकटतात. चाकांना ठोकळे लावावेत. टायरांत हवेचा दाब थोडा वाढवावा. क्लचची तबकडी गतिपालचक्राला गंजून चिकटू नये म्हणून क्लचचे पायटे लाकडी दांड्याने दाबून ठेवण्याची युक्ती काही जण योजतात.

चालन : या गाड्या केवळ उन्हाळ्यासाठीच आहेत, हा समज बरोबर नाही. जानेवारीत होणाऱ्या माँटी कार्लो रॅलीत १९६४ मध्ये एमजीबीने जीटी गटात पहिला क्रमांक मिळविला. १९६८ ते १९७० अशी सलग तीन वर्षे पोर्श ९११ ही गाडी त्या रॅलीत अजिंक्य ठरली. तथापि त्यांत चाके अडकू न देणारी किंवा घसरण आवरणारी स्वयंचलित साधने नाहीत. ते काम चालकाच्या पायांना व हातांना करावे लागते. बर्फाळ रस्त्यावर थांबण्याचे अंतर कोरड्या रस्त्याच्या दहापटीपर्यंत वाढू शकते. निघताना दुसरा गीअर वापरावा व क्लच हळूहळू सोडावा. वेग वळणापूर्वीच कमी करावा. वळणात एकाएकी प्रवेगक सोडल्यास एंजिनाचा रोध केवळ मागील चाकांवर येऊन गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. पोर्श ९११ चे एंजिन मागील आसाच्याही मागे असल्याने तिला बर्फावर पकड चांगली मिळते, पण ही चूक तिच्यात विशेष महाग पडते. एमजीबीत ओव्हरड्राइव्ह वळणात बंद केल्यास असाच धक्का बसतो. मागचा भाग घसरू लागल्यास ज्या बाजूस तो घसरत असेल त्याच बाजूस सुकाणू चक्र वळवावे व ब्रेक दाबू नये.

टायराचे रबर वयानुसार कडक होते. या गाड्या वर्षाकाठी थोड्याच चालत असल्याने टायरावरील खाचा खोल असतात व मालकाची फसगत होते. टायराच्या कडेवरील चार आकडी खूण (उदा., ०७१९ म्हणजे २०१९ मधील सातवा आठवडा) पाहून दहा वर्षांहून जुने टायर काढून टाकावेत. सुमारे ७° से.च्या खाली हिवाळी टायर अधिक पकड देतात; मूळ मापाचे अरुंद टायर मागाहून बसविलेल्या रुंद टायरांपेक्षा बर्फात बरे चालतात.

मीठ टाकलेल्या रस्त्यांवर, एकदोन जोरदार पावसांनी ते धुऊन निघेपर्यंत, गाडी बाहेर न काढणे उत्तम. वसंतात गाडी पुन्हा सुरू करताना ठिणगी गुडद्या काढून तेलाचा दाब दिसेपर्यंत एंजिन आरंभकाने फिरवावे. ब्रेकचा द्रव ओलावा शोषीत असल्याने तो दोन वर्षांनी बदलावा, आणि पहिल्या फेरीत मोठ्या रस्त्यावर जाण्यापूर्वी घराजवळच ब्रेक दोन-चार वेळा दाबून चारही चाके सारखी रोखली जातात की नाही, हे पाहावे.