एक कोर राबतो, बाकीचे बसून का?

दिवाळी सरली की गडचिरोली जिल्ह्यातले देसाईगंज, म्हणजे लोकांच्या तोंडचे वडसा, नाटक मंडळ्यांच्या लगबगीने गजबजून जाते. होळीपर्यंत गावोगावी झाडीपट्टीची नाटके रंगतात. रात्री उघडलेला पडदा कित्येकदा पहाटेच मिटतो. याच रंगभूमीवरील कामासाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि झाडीपट्टीचे नाव देशभर पोहोचले. आता या प्रयोगांचे चित्रीकरणही होते. नाटकांचा हंगाम संपतो तोच लग्नसराई येते आणि व्हिडिओ तयार करणाऱ्यांच्या लहानशा खोलीतला संगणक दिवसरात्र चालू राहतो.

अडचण सुरू होते ती इथे. संपादन झाले, रेंडरचे बटण दाबले, तरी काम पुढे सरकत नाही. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसरचा वापर जेमतेम १५ ते २० टक्के. आठपैकी एका कोरचा आलेख छताला टेकलेला, बाकीचे निवांत. प्रोसेसर बिघडला असे वाटते, दुकानदार नवा घ्यायला सांगतो आणि हंगामाची कमाई त्यात जाते. पुष्कळदा नवा संगणकही तसाच वागतो, कारण दुखणे प्रोसेसरचे नसतेच.

कामाचा पसारा आधी पाहू. सहा तासांच्या प्रयोगात, सेकंदाला २५ चित्रे धरली तर, ५ लाख ४० हजार चित्रे होतात. फुल एचडीच्या प्रत्येक चित्रात २० लाखांहून अधिक ठिपके. प्रत्येक चित्र डिस्कवरून वाचायचे, उलगडायचे, त्यावर रंग, शीर्षके, इफेक्ट चढवायचे, पुन्हा आवळून बांधायचे आणि डिस्कवर लिहायचे. ही साखळी आहे. तिच्यातली सर्वात संथ कडी सगळ्या कामाचा वेग ठरवते.

धानाची रोवणी आठवली की हे चटकन उमगते. बांधीत आठ बाया रोवायला उभ्या आहेत, पण पऱ्ह्यांच्या पेंढ्या आणून देणारा एकच गडी आहे. तो जेवढ्या पेंढ्या आणेल तेवढीच रोवणी होणार. आणखी आठ बाया बोलावल्या तर मजुरी वाढेल, रोवणी नाही. शिवाय चिखलणी झाल्याखेरीज कोणालाच रोवता येत नाही.

संगणकशास्त्रात हीच गोष्ट जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडली. कामाचा ८० टक्के भाग वाटून करता येत असेल आणि २० टक्के एकट्यानेच करावा लागत असेल, तर आठ कोर लावूनही वेग आठपट होत नाही, सुमारे ३.३ पट होतो. कोर कितीही वाढवले तरी पाचपटीची मर्यादा ओलांडता येत नाही. व्हिडिओत असा एकट्याने करायचा भाग बराच असतो. जागा वाचावी म्हणून बहुतेक चित्रे पूर्ण साठवली जात नाहीत. आधीच्या किंवा पुढच्या चित्रापेक्षा काय बदलले तेवढेच लिहिले जाते. त्यामुळे एक चित्र दुसऱ्यासाठी थांबते. काही जुने इफेक्ट तर एकाच कोरवर चालतील असेच लिहिलेले असतात. आठपैकी एकच कोर पूर्ण राबला तर एकूण वापर साडेबारा टक्के दिसतो. हा आकडा दिसला की आधी संशय अशा इफेक्टवर घ्यावा.

वापर कमी दिसण्यामागे एक चांगले कारणही असू शकते. गेल्या दशकभरातल्या बहुतेक संगणकांत व्हिडिओ बांधण्यासाठी वेगळे सर्किट असते, कधी प्रोसेसरच्या पोटात, कधी ग्राफिक्स कार्डात. ते काम करू लागले की मुख्य कोर मोकळे होतात. टास्क मॅनेजरच्या जीपीयू विभागात व्हिडिओ एन्कोडचा आलेख वर असेल आणि रेंडर लवकर होत असेल, तर काहीच बिघडलेले नाही. घड्याळात किती वेळ लागला हे महत्त्वाचे. टक्के किती दिसले हे नाही.

खरी अडचण शोधायची तर एका वेळी एकच बदल करून पाहावा. त्यासाठी त्याच प्रकल्पातला दोन मिनिटांचा तुकडा घ्यावा आणि दरवेळी तोच रेंडर करून वेळ लिहून ठेवावी. आधी सगळे इफेक्ट बंद करावेत. वेळ एकदम घटली तर एकेक इफेक्ट चालू करत गुन्हेगार गाठावा. फरक पडला नाही तर डिस्कचा आलेख पाहावा. चित्रीकरण पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड किंवा जुन्या हार्ड डिस्कवरून थेट वाचले जात असेल, तर कोर पेंढ्यांची वाट पाहत बसतात. फाइल एसएसडीवर उतरवून पुन्हा मोजावे. मोबाइलवर एच.२६५ पद्धतीने घेतलेले चित्रीकरण उलगडायलाही जड असते. ते आधी हलक्या स्वरूपात बदलून घेतले तर फरक दिसतो.

२०२१ पासूनच्या इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत मोठे आणि लहान असे दोन प्रकारचे कोर आहेत. त्यांचे आलेख सारखे दिसणारच नाहीत. रेंडरची खिडकी खाली दाबून ठेवली तर काही संगणकांत काम लहान कोरांकडे ढकलले जाते; ती समोर उघडी ठेवून वेळ मोजावी. लॅपटॉप चार्जरला जोडलेला आहे ना आणि वीज वाचवण्याची सेटिंग चालू नाही ना, हेही पाहावे.

चंद्रपूर-गडचिरोलीत आणखी एक कारण हमखास तपासावे लागते, ते म्हणजे उष्णता. मे २०१९ मध्ये चंद्रपुरात पारा ४८ अंशांवर गेला होता. प्रोसेसरची सहनशक्ती साधारण १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोहोचला की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. चिपमधली उष्णता बाहेर किती जाते, हे चिप आणि खोलीतली हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. खोली २५ अंशांवर असेल तर हा फरक ७५ अंशांचा, ४२ अंशांवर असेल तर ५८ अंशांचा. म्हणजे तोच पंखा नवतपात जेमतेम पाऊणपट उष्णता बाहेर टाकतो. त्यातच कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात धूळ लवकर साचते आणि पंख्यामागच्या पत्र्याच्या फटी बुजतात.

या दुखण्याची खूण सोपी आहे. पहिली काही मिनिटे रेंडर झपाट्याने होते, मग मंदावते; टास्क मॅनेजरमध्ये वापर तसाच राहतो, पण गिगाहर्ट्झचा आकडा खाली येतो. अशा वेळी संगणक बंद करून, वायर काढून, पंखे आणि जाळ्या साफ कराव्यात. मागे वीतभर मोकळी जागा सोडावी. कूलरची हवा खोलीत खेळू द्यावी, पण संगणक त्याच्या अगदी तोंडाशी ठेवू नये. उडणारे थेंब आत गेले तर दुरुस्ती महागात पडते. मोठे रेंडर पहाटे लावावे. संगणकाशेजारी तासन्तास बसणाऱ्यालाही तेच मानवते.

एवढे करूनही इफेक्टच आडवा येत असेल, तर नाटकाचे अंक वेगवेगळे रेंडर करून शेवटी जोडता येतात. मेमरी पुरेशी असल्यास दोन अंक एकाच वेळी लावता येतात आणि बसलेल्या कोरांना काम मिळते.

नवा प्रोसेसर घ्यायचा विचार त्यानंतर करावा. रोवणीला मजूर वाढवण्याआधी पऱ्हे बांधीपर्यंत वेळेत पोहोचतात की नाही, हे इथला शेतकरी आधी बघतोच.