इंग्रजी वाक्यसाचे

इंग्रजी वाक्यसाचे : इंग्रजी वाक्यात क्रियापदाच्या अनुरोधाने कर्ता, कर्म, पूरक व क्रियाविशेषणात्मक घटक ज्या ठराविक क्रमाने व ठराविक रूपांत येतात, त्या मांडणीच्या प्रकारांना वाक्यसाचे म्हणतात. वाक्ये असंख्य असली, तरी त्यांच्यामागील मूलभूत साचे थोडे आहेत. कोणत्या क्रियापदास कोणता साचा चालतो, हे मात्र त्या क्रियापदाच्या अर्थावरून नेहमी ओळखता येत नाही; ते प्रचारातूनच कळते. इंग्रजी शब्द व व्याकरणाचे नियम ठाऊक असूनही परभाषकाचे वाक्य कानाला खटकते, ते बहुधा याच ठिकाणी.

मराठीत नामाचे वाक्यातील कार्य विभक्तिप्रत्ययांवरून कळते. ‘वाघाने माणसाला मारले’ आणि ‘माणसाला वाघाने मारले’ या वाक्यांत भर बदलतो, पण मारणारा व मरणारा बदलत नाही. ‘द टायगर किल्ड द मॅन’ या वाक्यातील नामांची अदलाबदल केली, तर मात्र वाघच मरतो. प्राचीन इंग्रजीतही विभक्तिप्रत्यय होते. अकराव्या शतकापासून पुढे ते झपाट्याने झिजले आणि त्यांचे काम शब्दक्रमावर व शब्दयोगी अव्ययांवर येऊन पडले. ‘ही–हिम’, ‘शी–हर’ यांसारख्या सर्वनामांत जुन्या व्यवस्थेचे अवशेष दिसतात. स्थानाला असे महत्त्व आल्यामुळे विधानार्थी वाक्यातील कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही. पाऊस पडत असताना इंग्रजी भाषक ‘इट इज रेनिंग’ म्हणतो. येथील ‘इट’ कशाचाही वाचक नाही, तो केवळ जागा राखतो. ‘देअर इज अ वेल बिहाइंड द हाउस’ (घरामागे विहीर आहे) यातील ‘देअर’ची गोष्टही अशीच. ‘मला भूक लागली आहे’ या वाक्यात भूक लागणारी व्यक्ती चतुर्थीत येते; ‘आय ॲम हंग्री’ यात तिला कर्त्याच्या स्थानी बसावे लागते.

रँडॉल्फ क्वर्क (१९२०–२०१७) व त्यांचे सहकारी यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बृहद्‌व्याकरणात सात मूलभूत साचे मानले आहेत. कर्ता व क्रियापद एवढ्यावरच पूर्ण होणारा साचा सर्वांत लहान होय, उदा., ‘द बेल रँग’ (घंटा वाजली). ‘द मिल्क टर्न्ड सावर’ (दूध नासले) यात कर्त्याचे वर्णन करणारे पूरक येते, तर ‘द कीज आर ऑन द टेबल’ यात स्थलवाचक घटक येतो. ‘शी ओपन्ड द विंडो’ यात कर्म येते. उरलेल्या तीन साच्यांत कर्माखेरीज आणखी एक घटक असतो : दुसरे कर्म (‘शी गेव्ह द बॉय अ पेन’), कर्माचे पूरक (‘दे पेंटेड द डोअर ग्रीन’) किंवा क्रियाविशेषणात्मक घटक (‘ही पुट द बुक ऑन द शेल्फ’). यांतील शेवटचा घटक ऐच्छिक नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मराठीत ‘त्याने पुस्तक ठेवले’ हे वाक्य सहज चालते. इंग्रजीत ‘ही पुट द बुक’ एवढेच म्हटले, तर वाक्य अर्धवट सोडल्यासारखे वाटते.

बाह्यतः सारख्या दिसणाऱ्या शब्दक्रमामागे भिन्न साचे असू शकतात. ‘दे कॉल्ड हिम अ टॅक्सी’ म्हणजे त्यांनी त्याच्यासाठी टॅक्सी बोलावली. ‘दे कॉल्ड हिम अ हीरो’ म्हणजे त्यांनी त्याला वीर म्हटले. पहिल्या वाक्यात दोन कर्मे आहेत, दुसऱ्यात एक कर्म व त्याचे पूरक. ‘कॉल मी अ टॅक्सी’ या विनंतीला ‘बरे, तू टॅक्सी आहेस’ असे उत्तर देण्याचा इंग्रजीतील जुना विनोद याच संदिग्धतेवर उभा आहे. क्रियापदानंतर कोणते धातुसाधित येते यानेही अर्थ पालटतो. ‘ही स्टॉप्ड स्मोकिंग’ म्हणजे त्याने धूम्रपान सोडले. ‘ही स्टॉप्ड टू स्मोक’ म्हणजे धूम्रपान करण्यासाठी तो थांबला. ‘रिमेंबर्ड टू पोस्ट द लेटर’ आणि ‘रिमेंबर्ड पोस्टिंग द लेटर’ यांतील भेद मराठी ‘पत्र टाकायची आठवण ठेवली’ व ‘पत्र टाकल्याचे आठवले’ अशा वेगळ्या प्रत्ययांनी दाखवते.

मराठी भाषकाची खरी अडचण दोन कर्मांच्या साच्यात येते. ‘मला दे’, ‘मला सांग’, ‘मला समजावून दे’, ‘मला सुचव’ ही मराठीत एकाच घडणीची वाक्ये आहेत. इंग्रजीत ‘गिव्ह मी’, ‘टेल मी’ चालते. ‘एक्सप्लेन मी’, ‘सजेस्ट मी’ चालत नाही. तेथे ‘एक्सप्लेन इट टू मी’ असे म्हणावे लागते. ‘गिव्ह’, ‘टेल’, ‘सेंड’, ‘शो’, ‘लेंड’ ही आखूड, देशी मूळ असलेली क्रियापदे दोन कर्मे घेतात. ‘एक्सप्लेन’, ‘डिस्क्राइब’, ‘डोनेट’, ‘सजेस्ट’ ही लॅटिन वंशातील क्रियापदे बहुधा घेत नाहीत. तथापि लॅटिन मुळाच्या ‘प्रॉमिस’ला दोन कर्मे खुशाल चालतात. तेव्हा ही केवळ प्रवृत्ती समजावी. तिला नियम मानणारा विद्यार्थी फसतो.

या साच्यांच्या अभ्यासाला पद्धतशीर रूप मिळाले, ते मुख्यत्वे परभाषकांना इंग्रजी शिकविण्याच्या गरजेतून. सी. टी. अनियन्स (१८७३–१९६५) यांनी १९०४ मध्येच विधेयाचे पाच प्रकार सांगितले होते. परंतु प्रत्येक क्रियापदाला कोणता साचा चालतो, ही नोंद करण्याचे काम जपानमध्ये झाले. हॅरल्ड पामर (१८७७–१९४९) हे १९२२ मध्ये तेथे गेले. त्यांच्या कार्याचा धागा पुढे नेणारे ए. एस. हॉर्नबी (१८९८–१९७८) यांनी दोन सहकाऱ्यांसह तयार केलेला कोश १९४२ मध्ये टोकिओत निघाला. पुढे ऑक्सफर्डचा विद्यार्थी-कोश म्हणून जगभर पोहोचलेला कोश तो हाच. हॉर्नबी यांच्या १९५४ च्या मार्गदर्शिकेत क्रियापदांचे २५ साचे आहेत. १९५० नंतर भारतीय शाळांत आलेल्या ‘रचनात्मक’ पद्धतीला अशा याद्यांचाच आधार होता. तीत साचे घोकून घेतले जात, पण ते कोणत्या प्रसंगी वापरावयाचे याकडे अनेकदा दुर्लक्ष होई.

१९५९ मध्ये क्वर्क यांनी प्रत्यक्ष लिखित व बोललेल्या इंग्रजीचा संग्रह सुरू केला. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठात १९६१ सालच्या मुद्रित मजकुरातून दहा लाख शब्दांचा संगणकीय संग्रह तयार झाला. बर्मिंगहॅम येथे जॉन सिंक्लेअर (१९३३–२००७) यांच्या मार्गदर्शनाखाली १९८० पासून याहून पुष्कळ मोठे संग्रह उभे राहिले आणि एकाच साच्यात येणारी क्रियापदे अर्थानेही जवळची असतात, असे त्यांतून दिसून आले. ‘दे ट्रिक्ड हर इन्टू साइनिंग’ (त्यांनी फसवून तिची सही घेतली) या साच्यात ‘ट्रिक’, ‘फोर्स’, ‘टॉक’ अशी क्रियापदे येतात. फसवणूक, दडपण किंवा मनधरणी करून दुसऱ्याकडून काही करवून घेणे हा अर्थ त्यांना समान आहे. ‘टॉक’सारखे साधे क्रियापदही या साच्यात शिरताच तो अर्थ घेते. साच्यालाच अर्थ असतो, हे नुसत्या याद्यांमधून इतके स्पष्ट झाले नव्हते.

साचे देशपरत्वेही बदलतात. ब्रिटिश भाषक ‘राइट टू मी’ म्हणतो, तर अमेरिकन ‘राइट मी’ असेही म्हणतो. भारतीय इंग्रजीत वारंवार ऐकू येणारे ‘डिस्कस अबाउट’ मात्र चूक ठरविले जाते. ‘टॉक अबाउट’, ‘स्पीक अबाउट’ यांच्या सादृश्याने ते घडले असावे, आणि घडण म्हणून ते तर्कविसंगत नाही. परीक्षेत वा कार्यालयीन लेखनात ते टाळणे हिताचे. पण ते अज्ञानाचे लक्षण मानणे घाईचे होईल. असे प्रश्न मोजून पाहण्याची सोय कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात झाली. तेथे प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय इंग्रजी मजकुराचा दहा लाख शब्दांचा संग्रह १९८६ मध्ये पूर्ण झाला. सुमारे २,००० शब्दांचा एकेक असे त्याचे ५०० नमुने ब्राउन संग्रहाच्या धर्तीवर निवडले असल्याने अमेरिकन इंग्रजीशी त्याची तुलना करता येते. मात्र दोहोंमधील सतरा वर्षांचे अंतर ध्यानात ठेवावे लागते. शिवाय हा संग्रह केवळ मुद्रित भाषेचा आहे. बोलण्यातील साचे त्यात सापडत नाहीत, आणि विरळ क्रियापदांची उदाहरणे दहा लाख शब्दांतही बोटांवर मोजण्याइतकीच मिळतात.