हातभर खोल पेरलेला मका

मक्याचं बी किती खोल पेरायचं? शेतात राबलेल्या एखाद्या आजीला विचारा. ती बोटाची दोन पेरं दाखवेल. त्याहून फार खोल गेलं, तर कोंब मातीतच दमतो.

होपी आजोबा मात्र वीतभर खोल पेरतात. कधी कधी तर हातभर!

होपी लोक अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, सपाट माथ्याच्या खडकाळ डोंगरांवर आणि त्यांच्या पायथ्याशी राहतात. त्यांचं ओरायबी गाव सुमारे नऊशे वर्षांपासून वसलेलं आहे. पाऊस म्हणाल, तर वर्षभरात जेमतेम २५० मिलिमीटर. मुंबईत एखाद्या दांडग्या दिवसातच तेवढा कोसळतो. मक्याला ना कालव्याचं पाणी, ना पाइपचं. मग तो जगतो कशावर?

हिवाळ्यात तिथे बर्फ पडतो. वितळला की पाणी वाळूत झिरपतं. वरची वाळू उन्हाने कोरडी ठणठणीत होते, पण तीच झाकणाचं काम करते आणि खालची ओल सहजी उडून जात नाही. म्हणून शेतकरी टोकदार काठीने ओल लागेपर्यंत खड्डा करतो आणि बी थेट तिथे ठेवतो. नांगरट नाही. उगाच वाळू उलथून ओल कोण घालवणार?

आता खरी गंमत. एवढ्या खोलातून कोंब वर येतो कसा? बी आणि पहिली पानं यांच्यामध्ये एक बारीक दांडी असते. साध्या मक्यात ती थोडीशी वाढून थांबते. होपी मक्यात ती वाढतच राहते आणि पानांचं मिटलेलं टोक वर ढकलत नेते. शिवाय एक दणकट मूळ सरळ खाली ओलीकडे धावतं. जी. एन. कॉलिन्स या शास्त्रज्ञाने १९१४ साली यावर लेख लिहिला. होपी शेतकऱ्यांनी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून, पिढ्यान्‌पिढ्या, असंच बी जपून ठेवलं होतं. मला विचाराल, तर पहिले संशोधक तेच.

एका खड्ड्यात एक-दोन नाही, दहा-बारा किंवा जास्तच दाणे पडतात. काही किडे-उंदीर खातात. उरलेली रोपं झुडपासारखी दाटीने वाढतात, मग बाहेरची रोपं वारा आणि उडती वाळू झेलतात नि आतली वाचतात. पुढचा खड्डा मात्र चांगला दोन-तीन पावलं दूर, म्हणजे पाण्यावरून भांडण नको! झाडं बुटकीच राहतात, कणसं अगदी जमिनीजवळ लागतात. जुलै-ऑगस्टमधला वळवाचा पाऊस आला, तर चंगळ.

कणसं पांढरी, पिवळी, लाल आणि चक्क निळीही! निळ्या पिठाची, तापलेल्या दगडावर हाताने सारवून केलेली ‘पिकी’ नावाची भाकरी कागदाइतकी पातळ असते.

कापणीनंतर वाळलेली ताटं उपटायची घाई नसते. ती वाळू धरून ठेवतात आणि वसंतात पेरणारा ती पाहूनच ठरवतो, की यंदाचे खड्डे गेल्या वर्षीच्या झुडपांच्या मधल्या जागेत करायचे.