बैठक दंग्याआधी हवी

मंडळी, मुंबईत ठाकूरद्वारच्या नाक्यावर उतरलात की आसपासच्या चाळींत एखादा तरी गाववाला भेटतोच. चाकरमान्यांच्या कित्येक पिढ्यांचं बिऱ्हाड याच गिरगावात होतं. इथून भुलेश्वर ओलांडून चालत गेलं की जुम्मा मशीद लागते. ११ ऑगस्ट १८९३ रोजी, शुक्रवारच्या नमाजानंतर, त्या परिसरात दंगल पेटली. त्याआधी मोहरमच्या ताबुतांत हिंदूही हौसेनं सामील होत. एकमेकांचे सण ठाऊक असूनही शेजार तुटला.

पुढे शंभर वर्षांनी तेच झालं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबई दंगलींत सुमारे ९०० माणसं गेल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगानं केली. पोटापाण्यासाठी आलेल्यांची घरंही त्यात उघडी पडली.

पण वाचकहो, त्याच वेळी शेजारची भिवंडी शांत राहिली. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेली हीच ती भिवंडी! तिथे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि पोलीस एकत्र बसायचे. रोजच्या बारीकसारीक तक्रारींतून ओळख वाढली. अफवा आली की खरं-खोटं विचारायला ओळखीचं दार मिळालं. सारं इंगित यातच आहे.

मुंबईनं हा धडा दंगलीनंतर गिरवला. १९९४ मध्ये ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांच्या पुढाकारानं मोहल्ला समित्यांचं काम सुरू झालं. दुभंगलेल्या वस्त्यांतली माणसं पुन्हा समोरासमोर बसली. अर्थात, बोलणं म्हणजे गुन्हेगाराला माफी नव्हे. ज्याचं घर जळलं त्याला न्याय मिळालाच पाहिजे. तो मिळाला नाही, तर बैठकीतला चहाही कडूच लागणार.

आता म्हणाल, हे शहराचं, आम्हाला काय त्याचं? आपल्याकडे २००७ मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली, गावोगाव समित्या झाल्या. तुमच्या गावची समिती शेवटची कधी बसली, आठवून पाहा. जत्रा, उरूस, मिरवणूक यांच्या आधी महिनाभर सगळ्या आळ्यांची माणसं एकत्र बसवा. बायाबापड्यांना, तरण्या पोरांनाही बोलवा. मिरवणुकीचा रस्ता, वाजंत्री, वेळ तिथेच ठरवा. आग लागल्यावर विहीर खणून भागत नाही, हे शेतकऱ्याला का सांगायला हवं?