पेला आणि प्रतिभा

लातूर, वरण, गिरणी. तिघांना जोडणारा शब्द? डाळ! अशी कोडी २०१२ साली शिकागोतल्या संशोधकांनी तरुणांना घातली. व्होडका घेतलेल्यांनी जास्त कोडी सोडवली, तीही लवकर. मद्याने लक्ष सैल होतं, विचार ठरलेली वाट सोडतो आणि दूरचा शब्द हाती लागतो, असं त्यांचं म्हणणं. पण त्याच तरुणांची कार्यरत स्मृती घसरली. रक्तातलं मद्यही ०.०७५ टक्के, म्हणजे आपल्याकडे गाडी चालवण्याच्या मर्यादेच्या अडीचपट! सुचलेलं पारखायला, खोडायला शुद्धच लागते. ऑस्ट्रियातल्या २०१७ च्या प्रयोगात तर एकाच वस्तूचे नवे उपयोग सुचवण्यात मद्याने काहीच भर घातली नाही. ती भर चालण्याने पडते, हे स्टॅनफर्डमध्ये २०१४ साली दिसलं. चालायला नांदेडकरांना तर गोदाकाठ आहेच.