जुन्या यांत्रिक होडीच्या पंख्याचे दोष व त्यांची पारख

कोयनेचें पाणी अडल्यास साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. परंतु शिवसागर जलाशयाच्या पैलतीरीं ज्यांच्या जमिनी राहिल्या, त्या खातेदारांस होडी ही अद्यापि बैलगाडीइतकीच शेतीची गरज आहे. आम्हां चौघां भाऊबंदांत मिळून अशीच एक जुनी होडी असून तिच्या पिछाडीस पंचवीस अश्वशक्तीचें पेट्रोलचें एंजिन टांगलेलें आहे. गेल्या मार्गशीर्षांत भाताचीं पोतीं भरून येत असतां भर पाण्यांत एंजिन एकाएकीं मोठ्यानें घोंघावूं लागलें आणि होडी मात्र रेंगाळली. आम्ही घाबरून वेग वाढवीत गेलों. जों जों वेग वाढवावा तों तों आवाज वाढे व चाल कमी होई. शेवटीं वल्हीं काढिलीं. तीर गाठावयास काळोख पडला, व तळच्या चार पोत्यांस पाणी लागलें तें निराळेंच.

दुसरे दिवशीं एंजिन तालुक्याच्या गांवीं एका कारागिराकडे नेलें. त्यानें पिस्टनच्या कड्या बदलल्या, कार्ब्युरेटर धुतला व साडेसहा हजार रुपये घेतले. पुढच्याच फेरीस पुन्हां तीच गत! एंजिनाचा बिचाऱ्याचा कांहींच दोष नव्हता. दोष पंख्याच्या तुंब्यांत होता.

गाडीच्या चाकास जसा तुंबा असतो तसाच या पंख्यासहि असतो. त्याच्या पोटांत एक धातूची नळी बसविलेली असते, आणि नळी व तुंबा यांमध्यें रबराचा बुश घट्ट दाबलेला असतो. पातें खोडावर आपटलें तर बुशानें घसरावें व आंतील दांतेरी चाकें वांचवावीं, अशी ही योजना आहे. मात्र वर्षें लोटलीं कीं रबर कडक होतें; मग तें विनाकारणहि घसरूं लागतें. अशा वेळीं सावकाश चालविल्यास पंखा पुष्कळदां धरून राहतो, व वेग देतांच सुटतो. हें त्या दिवशीं ठाऊक असतें, तर आम्ही मंद गतीनें यंत्रावरच घरीं आलों असतों.

परीक्षा सोपी आहे. पंखा काढून नळी व तुंबा या दोहोंवरून मिळून रंगाची एकच रेघ ओढावी, पंखा पुन्हां चढवावा व भरल्या होडीनें वेगांत फेरी मारावी. परत आल्यावर रेघेचीं टोंकें एकमेकांपासून सरकलेलीं दिसलीं, कीं बुश गेला असें समजावें. नवा बुश दाबयंत्रानेंच बसवावा लागतो. हातोड्याचें तें काम नव्हे. पंख्यास हात लावण्यापूर्वीं प्लगच्या तारा काढून ठेवाव्या, हें मात्र कोणीहि विसरूं नये. यंत्र बंद असलें तरी पंखा फिरवितांना तें एखादे वेळीं सुरू होतें आणि बोटें जातात.

हेंच लक्षण आणखी एका कारणानें दिसतें. पंख्याच्या वरच्या अंगास जी आडवी पाटी असते, ती साधारणतः होडीच्या तळाच्या पातळींत असावी. एंजिन फार उंच टांगलें, किंवा सगळीं पोतीं नाळेकडे रचून पिछाडी उचलली गेली, तर पंखा वरची हवा ओढतो व मागें नुसता फेंस उठतो. येथें दोन पोतीं मागें सरकविलीं तरी रोग बरा होतो, व खर्च शून्य.

होडी थरथरूं लागली तर पातीं पहावीं. वैशाखांत पाणी उतरलें कीं जुने चौथरे, बांध व खोडें पृष्ठाजवळ येतात आणि पातें वांकतें. एक काठी स्थिर धरून प्रत्येक पात्याचें टोंक तिच्यासमोर आणावें. अंतर सारखें न भरल्यास पातें वांकलें आहे. पंखा काढूनहि दांडा फिरतांना डोलत असेल, तर दांडाच वांकला. वांकलेलें पातें गांवच्या ऐरणीवर ठोकून सरळ करण्याचा मोह आम्हांसहि झाला होता. परंतु ॲल्युमिनियमास त्यानें तडा जातो व पात्याचा पीळ बिघडतो.

पिळाचें महत्त्व एका शेतकऱ्यासच अपघातानें कळलें, ही गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. इंग्लंडांतील फ्रान्सिस पेटिट स्मिथ हा मेंढ्यांच्या कुरणांचा शेतकरी. त्यानें शेतावरच्या तळ्यांत खेळण्यातली होडी चालवून पाहिली व १८३६ सालीं स्क्रूसारख्या पंख्याचें पेटंट घेतलें. त्याचा पहिला लांकडी पंखा दोन पूर्ण वेढ्यांचा होता. १८३७ सालीं लंडनच्या कालव्यांत त्याचा अर्धा भाग मोडून पडला, आणि होडी अधिकच वेगानें धांवूं लागली!

जाळ्याच्या दोऱ्याविषयीं सांगावयाचें राहिलें. नायलॉनचा दोरा पंख्याच्या मागें गुंडाळला जाऊन तेलाचें सील कापतो. गिअरचें तेल दुधासारखें दिसूं लागलें, तर आंत पाणी शिरलें असें समजून पंखा तत्काळ उतरवावा. लहान एंजिनांत बुशाच्या जागीं नरम धातूची पिन असते. ती तुटल्यास तेथें लोखंडी खिळा घालूं नये. खिळा तुटत नाहीं, आंतील चाकें तुटतात.

आम्हीं नवा पंखा घेतला, दांड्याच्या दांत्यांस ग्रीस लावून नवी स्प्लिट पिन घातली, व जुन्या पंख्यास बुश बसवून आणिला. तो आतां पकड व दोन पिनांसह बसावयाच्या फळीखालीं पेटींत असतो.