कोटेशनवरचा ‘आय-सेव्हन’

बारावीचा निकाल, सीईटी, कॅप राउंड हे सगळं आटोपलं, की लातूर-नांदेडच्या बऱ्याच घरांत एक वाद ठरलेला. पोरगा म्हणतो, इंजिनीअरिंगला पीसी लागतो. बाप म्हणतो, मग लॅपटॉप घे की. पोराला व्हॅलोरंट आणि जीटीए खेळायचंय, हे दोघांनाही पक्कं ठाऊक असतं. शेवटी पस्तीस-चाळीस हजारांवर तोड निघते आणि दुकानातून एक कोटेशन घरी येतं: आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, ५१२ जीबी एसएसडी, ४५० वॅट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट. वाचायला एकदम भरगच्च. त्यातलं एकही अक्षर खोटं नसतं, आणि तरी गेम अडखळतो. म्हणून हेच कोटेशन ओळीओळीने तपासू.

पहिली ओळ, आय-सेव्हन. आय-थ्रीपेक्षा आय-फाइव्ह भारी आणि त्याहून भारी आय-सेव्हन, ही समजूत एकाच पिढीतल्या प्रोसेसरांपुरती बरोबर आहे. कोटेशनवर पिढी लिहिलेली नसते, आणि गोम तिथेच असते. स्वस्तातला ‘आय-सेव्हन’ बहुतेकदा ऑफिसांतून निघालेला आय-७ २६०० किंवा ३७७० असतो, सोबत एच६१ चिपसेटचा बोर्ड. २६०० आला २०११ साली. त्यात चार कोअर, आठ थ्रेड. २०२२च्या आय-३ १२१००एफमध्येही चार कोअर, आठ थ्रेडच आहेत, पण एकेका कोअरचं काम जवळजवळ दुप्पट वेगाने होतं. म्हणजे अकरा वर्षांनी धाकटा आय-थ्री या थोरल्या आय-सेव्हनला आरामात मागे टाकतो.

यात आणखी एक अडचण आहे, ती दुकानात कळत नाही. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. जुगाड करून ११ बसवून देणारे गल्लोगल्ली आहेत. पण व्हॅलोरंटची व्हॅनगार्ड ही चोरपकड यंत्रणा विंडोज ११वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागते. जुन्या एच६१ बोर्डांवर ते मिळत नाही. ज्या गेमसाठी एवढा हट्ट केला, तोच गेम सुरू व्हायला नकार देतो.

दुसरी ओळ रॅमची. १६ जीबी चांगलीच, पण ती एका स्टिकमध्ये की आठ-आठच्या दोन स्टिकमध्ये, हे विचारा. दोन स्टिक योग्य स्लॉटमध्ये बसवल्या की ड्युअल चॅनेल सुरू होतं आणि डेटाची वाट दुप्पट रुंद होते. शिवाय ‘३२०० मेगाहर्ट्झ’ लिहिलेली रॅम बायोसमध्ये एक्सएमपी चालू केल्याशिवाय बऱ्याचदा २१३३ किंवा २६६६वरच धावते. पैसे ३२००चे दिलेले असतात, आणि वर्षभर कुणी बायोस उघडून पाहत नाही.

रॅमचे भाव मात्र इथे लिहिण्यात अर्थ नाही. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केली आणि भाव भडकले. त्या डिसेंबरमध्ये मायक्रॉनने सर्वसामान्य ग्राहकांसाठीचा क्रुशल हा आपला ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा मित्राचं सहा महिन्यांपूर्वीचं बिल घेऊन दुकानदाराशी हुज्जत घालू नका. तो बिचारा दर वेळी लुटतच असतो असं नाही.

आता खरी फसगत: ‘४ जीबी ग्राफिक कार्ड’. कार्डाची ताकद जीबीत मोजायची, हा आपल्याकडचा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. जीबी म्हणजे फक्त साठवणूक. चिप कोणती आणि मेमरी किती वेगाने वाहते, यावर गेम चालतो. टाकी भरलेली असूनही नळाला करंगळीएवढी धार, हे लातूरकराला वेगळं समजावून सांगायला नको. जीटी १०३०चंच उदाहरण घ्या. नाव एकच, दोन्हींत मेमरी २ जीबीच. पण जीडीडीआर५ असलेल्या कार्डात सेकंदाला ४८ जीबी डेटा वाहतो आणि डीडीआर४ असलेल्यात १६.८. खोक्यावर हा फरक बारीक अक्षरात असतो, कोटेशनवर तर नसतोच.

कोटेशनवरचं ‘४ जीबी’ बहुतेक वेळा जीटी ७३० निघतं. हे कार्ड २०१४चं. त्यातल्या केप्लर चिपसाठी गेमचे नवे ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने २०२१मध्येच थांबवलं. व्हॅलोरंट बनवणाऱ्या कंपनीने ६० एफपीएससाठी (सेकंदाला ६० फ्रेम) जीटी ७३० सुचवलेलं आहे, हे खरं. दुकानदार तेच दाखवतो. पण व्हॅलोरंट मुद्दामच हलका बनवलेला गेम आहे. त्याच यादीत १४४ एफपीएससाठी जीटीएक्स १०५० टीआय लिहिलंय, ते कोणी दाखवत नाही.

माझं मत विचाराल तर असल्या कार्डावर एक रुपयाही घालू नये. त्यापेक्षा रायझन ५ ५६००जीसारखा प्रोसेसर घ्यावा. सहा कोअर, बारा थ्रेड आणि आतच व्हेगा ग्राफिक्स. हे आतलं ग्राफिक्स जीटी ७३०च्या बरंच पुढे आहे. व्हॅलोरंट आणि कमी सेटिंगवर जीटीए ५ त्यावर नीट खेळता येतो. मात्र ते स्वतःची मेमरी बाळगत नाही, रॅममधलीच वापरतं. म्हणून तिथे दोन स्टिकचा आग्रह धरायलाच हवा. ‘आज जी प्रोसेसर, पुढच्या दिवाळीला कार्ड’ हा बेतही उत्तम, फक्त तेव्हा आरएक्स ६५०० एक्सटी घेऊ नका. ते कार्ड पीसीआयईच्या चारच लेन वापरतं आणि ५६००जीकडे पीसीआयई ३.०च आहे. अशा जोडीत कार्डाची ताकद वाया जाते. आठ लेनचं, ८ जीबीचं आरएक्स ६६०० शोधा.

जुनं कार्ड म्हणजे मायनिंगमध्ये जळालेलं, ही भीती अर्धी खरी. इथेरियमचं मायनिंग सप्टेंबर २०२२ला बंद पडलं आणि बाजारात जुन्या कार्डांचा पूर आला. सतत चालल्याने चिप सहसा मरत नाही. झिजतात ते पंखे, वाळते ती पेस्ट. खरा धोका वेगळा आहे. ‘आरएक्स ५८० ८ जीबी’ म्हणून विकलं जाणारं बरंचसं कार्ड २०४८एसपी या उपप्रकारातलं असतं. मूळ ५८०त २३०४ प्रोसेसर, यात २०४८, म्हणजे मुळात आरएक्स ५७०च. काही कार्डांत तर बायोस बदलून जुन्याच चिपला नवं नाव दिलेलं असतं. जीपीयू-झेड हा फुकटचा प्रोग्राम असं बनावट कार्ड बऱ्याचदा पकडतो. पैसे देण्याआधी दुकानातच तो चालवायला सांगा. टाळाटाळ झाली तर काय ते समजा.

एसएसडीची ओळ पटकन उरकू. तिच्यामुळे गेम लवकर उघडतो, एफपीएस वाढत नाहीत. साधी एनव्हीएमई पुरे.

एसएमपीएसपाशी, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यापाशी, मात्र थांबावं लागेल, कारण काटकसरीची कात्री सगळ्यांत आधी इथेच लागते. ‘४५० वॅट आहे, भरपूर झालं’ असं म्हणण्याआधी त्याच्या कुशीवरचं लेबल वाचा. प्रोसेसर आणि कार्ड, दोन्ही मुख्यतः १२ व्होल्टच्या लाइनवर चालतात. त्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ने गुणा. समजा १४ असतील, तर हाती आले १६८ वॅट, वर मोठ्या अक्षरात काहीही छापलेलं असो. आरएक्स ६६०० एकटं १३२ वॅट मागतं, सहा कोअरचा प्रोसेसर आणखी सत्तरएक. बेरीज झाली दोनशेच्या वर. गेम ऐन रंगात आला की मशीन धाडकन बंद पडतं, आणि मग दोष ‘विंडोज करप्ट झाली’ म्हणून फॉरमॅट मारणाऱ्याच्या खिशात पैसे टाकून जातो. चांगल्या कंपनीच्या खऱ्या ४५० वॅटमध्ये १२ व्होल्टवर ३६-३७ अँपिअर लिहिलेले दिसतात.

आपल्याकडे याला विजेची जोड आहे. रब्बीत कृषिपंप सुरू झाले की गावाकडे व्होल्टेज पडतं. त्यावर घरातले म्हणतात, स्टॅबिलायझर लावा. ज्या एसएमपीएसवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय त्याला स्टॅबिलायझरची गरज नाही, पडलेलं व्होल्टेज तो स्वतःच सांभाळतो. यूपीएस हवा, पण ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हे. त्यातून साधारण ३६० वॅट मिळतात, तेही लाइट गेल्यावर मशीन नीट बंद करण्यापुरते. आणि कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येत असतील, तर पीसी खराब नाही, घराला अर्थिंग नाही. एसएमपीएसमधला फिल्टर आपली गळती अर्थिंगच्या तारेत सोडतो. ती तारच नसेल, तर पत्र्यावर निम्मं व्होल्टेज उतरतं. टू-पिनचं कन्व्हर्टर लावून हा प्रश्न सुटत नाही. आधी वायरमन बोलवा, मग गेम.

आरजीबी कॅबिनेटविषयी एवढंच, की दिवे थंड करत नाहीत. नांदेडला मे महिन्यात पारा ४२च्या पुढे जातो, आणि खोली जितके अंश तापेल जवळपास तितकेच अंश चिपही तापते. पुढे काच असलेल्या कॅबिनेटमध्ये पंखे कितीही असोत, हवा आत यायला वाटच नसते. पुढे जाळी हवी. लिक्विड कूलर खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, त्यामुळे या बजेटमध्ये तो निव्वळ हौस आहे. खिडकीतला डेझर्ट कूलर कॅबिनेटवर रोखू नका, त्याच्या हवेबरोबर पाण्याचे तुषार आत जातात.

नवा पीसी घेऊनही ‘लॅग’ गेला नाही, अशी तक्रार असते. एफपीएस मशीनचे, पिंग इंटरनेटचं. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे. फायबरमधून प्रकाशाला तिथवर पोचायला तीन-चार मिलिसेकंद पुरतात. वाढीव पिंग रूटिंगमुळे नाहीतर घरातल्या वायफायमुळे. राउटरपासून लॅन केबल ओढली, तर नव्या कार्डापेक्षा जास्त फरक पडू शकतो. मॉनिटरची केबलही बोर्डाला न जोडता कार्डाला जोडलीय ना, ते एकदा बघाच.

राहिला हैदराबादचा मोह. नांदेडचा रेल्वे विभाग मुख्यालयाने सिकंदराबादला बांधलेला, आणि नांदेडकरांचे पायही तिकडेच वळतात. सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये माल भरपूर, निवड मोठी. पण १८ टक्के जीएसटी तिथेही आहे आणि इथेही. ‘बिल नको, तेवढं कमी करतो’ म्हटलं की वॉरंटीचा आधार गेला. बॉक्समधल्या इंटेल आणि एएमडी प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रे म्हणून सुटा मिळणारा प्रोसेसर स्वस्त पडतो, पण त्याला ती लागू नाही, मागे उभा असतो फक्त दुकानदार. वाचलेले हजार-पंधराशे एका बिघाडासाठी पुन्हा सिकंदराबाद गाठण्यात जातात. खरेदी कुठेही करा, जीएसटीचं बिल घ्या आणि कार्ड, बोर्ड, रॅम, एसएमपीएस या प्रत्येकाचा सिरियल नंबर त्यावर लिहून घ्या, मागे रांग असली तरी.